बाळाचे दुखणे आणि आईबापांची वही

लहान मूल आजारी पडले की घरातल्या साऱ्यांच्या तोंडचे पाणी पळते. मोठा माणूस निदान सांगतो तरी, पोट दुखते, डोके ठणकते. सात-आठ महिन्यांचे लेकरू फक्त रडते. आणि खरोखर जास्त झाले की रडणेही बंद करते. मग शेजारपाजारच्या बाया जमतात. एक म्हणते दात येताहेत, दुसरी म्हणते दृष्ट लागली, तिसरी सहाणेवर जायफळ उगाळायला बसते. बाप खिसा चाचपत दारात उभा असतो. या सगळ्या गोंधळात बाळाकडे नीट पाहायचे मात्र राहून जाते.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेला साधा कारकून आहे. दिवसभर आकड्यांच्या रकान्यांत डोके घालणे हा माझा पोटाचा धंदा, आणि सुटीच्या दिवशी वस्तीतल्या लोकांचे जन्मदाखले, रेशनकार्डे, दवाखान्याचे कागद यांच्यामागे फिरणे ही आवड. तेव्हा कोणाला औषध सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण आजारी लेकरांच्या आईबापांबरोबर दवाखान्याच्या बाकांवर बसून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. डॉक्टर जे प्रश्न विचारतात, त्यांतले बहुतेक आकड्यांचे असतात. ताप किती? केव्हापासून? जुलाब किती झाले? शेवटची लघवी केव्हा? औषध किती दिले? आणि आपले उत्तर ठरलेले असते, "कालपरवापासून आहे, साहेब. ते लाल औषध दिलं."

याची अद्दल मला माझ्याच घरात घडली आहे.

२००९ सालचा पावसाळा. माझी मुलगी नऊ महिन्यांची होती. सकाळपासून तिला जुलाब लागले. आई म्हणाली, "पाणी देऊ नका, पाण्यानंच हगवण वाढते." पत्नीने ते मानले नाही, अंगावर पाजत राहिली. मी शिकलेला! मी औषधाच्या दुकानात जाऊन ओआरएसचे पाकीट आणले, एक पेला पाणी घेतले आणि सबंध पाकीट त्यात कालवले. दाट झाले म्हणजे गुण लवकर येईल, असाही हिशेब मनात होता. संध्याकाळपर्यंत तिला तसले दोन पेले पाजले. ती जास्तच तहानेली झाली, चिडचिड करू लागली, ओकू लागली आणि रात्री नऊच्या सुमारास मलूल होऊन पडली. रिक्षा करून रुग्णालय गाठले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "पाकीट किती पाण्यात कालवलंत?"

मी म्हणालो, "एका पेल्यात."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. पाकिटावर एक लिटर पाणी असे स्पष्ट छापलेले होते. कार्यालयात दुसऱ्याच्या बिलातली एका रुपयाची चूक पकडणारा मी, पाकिटाची मागची बाजू वाचली नव्हती. मीठ प्रमाणाबाहेर गेल्याने तिच्या रक्तातले क्षार वाढले होते. चार दिवस तिला सलाईनवर ठेवावे लागले. मुलगी वाचली, आता ती कॉलेजात जाते. पण ते रिकामे पाकीट मी एका वहीत चिकटवून ठेवले आणि त्याच दिवसापासून घरात बाळाच्या दुखण्याची वही सुरू झाली. आजचा लेख त्या वहीतूनच काढला आहे.

म्हणून जुलाबाचेच आधी सांगतो. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. बाजारात २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात. कोणते आहे ते वाचूनच फोडावे. पाणी उकळून गार केलेले, पाकीट सबंध, पाणी मोजून. पाव पाकीट पेल्यात आणि उरलेले पुडीत गुंडाळून, असला अंदाजाचा कारभार नको. कालवलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर ओतून द्यावे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, तेही चमच्या-चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. आई पाजत असेल तर पाजणे थांबवू नये. सहा महिन्यांवरच्या मुलाला पेज, वरणाचे पाणी, मऊ भात, जे खाईल ते द्यावे. जोडीला झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून आपण गोळ्या कपाटावर टाकून देतो, तसे करू नये.

पाकीट मिळालेच नाही तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरचा ढीग काढून टाकलेला. मिठाचा चमचा शीग भरून घेतला तर माझ्यासारखीच गत होईल.

आणखी एक फसवणूक. ओआरएस असे मोठ्या अक्षरात छापलेली गोड पेये खोक्यांतून कितीतरी वर्षे विकली गेली. त्यांत साखर भरपूर आणि क्षार भलत्याच प्रमाणात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी दुकानदार हातात काय देतो ते पाहून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचे पाकीट स्वस्त असते आणि पालिकेच्या दवाखान्यात, अंगणवाडीत, आशाताईंकडे फुकटही मिळते. फुकट मिळते म्हणून ते हलके, हा आपल्या लोकांचा गैरसमज जाता जात नाही.

या साध्या पाण्याची थोरवी काय, ते १९७१ साली दिसले. बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते. बनगावच्या छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि नातेवाइकांच्याच हाताने रुग्णांना पाजायला लावले. शंभरात तीसजण मरत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. डॉक्टरसाहेब २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ साली मिळाले.

हे ज्ञान आपल्या आधीच्या पिढ्यांना नव्हते. बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला ते साल १९२६. त्या काळी ना ओआरएस, ना गोवराची लस, ना प्रतिजैविके. रमाईंनी काय सोसले ते आपण जयंतीच्या भाषणांतून ऐकतो आणि डोळे पुसतो. पण आज या तिन्ही गोष्टी वस्तीच्या नाक्यावर मिळत असताना लेकरू जुलाबाने जावे, याला काय म्हणावे?

बाळाच्या अंगातले पाणी कमी झाल्याच्या खुणा आईला ओळखता आल्या पाहिजेत. डोळे खोल जातात, रडताना पाणी येत नाही, तोंड कोरडे पडते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू मागे जाते, सहा-आठ तास लघवी होत नाही आणि टाळू खोल जाते. टाळू पडली म्हणून तेलाचा बोळा ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. तेल वरून कितीही घाला, आत पाणी गेल्याशिवाय टाळू वर येत नाही. बाळ गुंगीत असेल, काहीच पीत नसेल, सारखे ओकत असेल किंवा जुलाबात रक्त असेल तर घरच्या उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

दृष्टीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांना तापल्या सळईने डागण्या दिल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि चुकचुकतो. पण मनगटाला काळा दोरा, कपाळाला काजळाची तीट आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकणे आपल्याही घरांतून पुरते गेलेले नाही, हे कबूल करू. दोऱ्याने मूल मरत नाही हे खरे. मात्र दोरा बांधल्यावर आता बरे होईल म्हणून जी एक रात्र थांबतो, ती रात्र महागात पडते. डोळ्यांतले काजळ तर सोडाच; बाजारच्या काजळात शिसे असू शकते.

आता खोकल्याच्या औषधाकडे येतो. मुंबईत गिरण्यांच्या जमान्यात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या लेकराला अफूची बाळागोळी देऊन निजवीत. त्यांना दोष कसा द्यावा? पाळी चुकली तर मजुरी बुडायची. आज अफू गेली, पण बाळाला चांगली झोप लागते म्हणून खोकल्याच्या बाटलीतला चमचा देणाऱ्या माता-भगिनी आहेत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे अशाच एका औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतली कितीतरी उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. औषधात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचे विष निघाले. मुलांचे मूत्रपिंडच बंद पडले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितले, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देण्याजोगी नाहीत. साधा सर्दी-खोकला आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातो. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे थेंब. एक वर्षावरच्या मुलाला थोडा मध चालतो, पण वर्षाच्या आत मधाचे बोटही नको. त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो.

तापाचे औषध देण्यात तर आकड्यांचाच घोळ आहे. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर देतात, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. आठ किलोचे मूल धरू. त्याला जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम. आता बाटल्या पाहा. एकीवर लिहिलेले असते ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, तिचे ५ मिलिलिटर झाले. दुसरीत तेवढ्याच औषधात २५० मिलिग्रॅम, म्हणजे तिचे अडीचच्याही आत. आणि थेंबांच्या लहान बाटलीत एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम, तिथे सव्वाच्या आत संपले. तिन्ही बाटल्यांवर नाव एकच! शेजारणीने "चमचाभर दे" म्हटले आणि आपण थेंबांच्या औषधाचा चमचा भरला तर चौपट औषध पोटात जाते आणि यकृतावर बेतते. म्हणून डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावे, बाटलीबरोबरच्या मापानेच द्यावे आणि दिलेली वेळ वहीत टिपावी. आजीने सातला दिले, आईने आठला पुन्हा दिले, हे एकत्र कुटुंबात हमखास घडते. मोठ्यांची ॲस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नये.

ताप हाताने अजमावण्यापेक्षा थर्मामीटर घ्यावा. १००.४ च्या वर ताप समजावा. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी एक चमचाही औषध न देता त्याच तासाला रुग्णालयात न्यावे, कारण एवढ्या लहान बाळाचा ताप साधा समजायचा नसतो. उलट, ते गार पडले आणि दूध ओढेनासे झाले तरी तोच धोका. मोठ्या मुलाला गोधडीत गुंडाळू नका, अंगात सैल सुती कपडा ठेवा.

तापात झटके आले तर बघवत नाही, हे खरे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत असे होते आणि बहुतेक वेळा झटका काही मिनिटांत थांबतो. चप्पल हुंगवू नये, कांदा फोडू नये, दातांत चमचा घालू नये, पाणी ओतू नये. मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांवर गेले तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी. लवकर थांबले तरी त्याच दिवशी दाखवून आणावे.

नव्या बाळंतिणीच्या घरी थोडे वेगळे प्रश्न असतात. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. उन्हाळ्यात पाणीही नको, गुटी नको, ग्राईप वॉटर नको. अंगावर पिणाऱ्या बाळाने दिवसात सहा-सात वेळा पिवळी पातळ शी केली तर घाबरू नये. ते चांगले पीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल तर तो जुलाब नव्हे. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नये. कावीळ बऱ्याच बाळांना होते, पण पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरला तर सकाळच्या कोवळ्या उन्हावर विसंबू नये. कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत घरी येऊन बाळ पाहतात. हे काम मुळात गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी साध्या गावकरी बायांना शिकवून करून दाखवले आणि तिथले बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. दारात आलेल्या आशाताईंना "झोपलंय बाळ, नंतर या" म्हणून परत पाठवू नका.

लसींबद्दल लिहायचे तर स्वतंत्र लेख होईल. एवढेच सांगतो, की २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा गोवंडीच्या वस्त्यांना सर्वांत जास्त झळ बसली. मुले दगावली आणि आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली पुष्कळ होती. आयांना विचारले तर कोणी गावी गेली होती, कोणाचे कार्ड हरवले होते, कोणाला आधीच्या लसीच्या वेळी ताप आला म्हणून नवऱ्याने नको म्हटले. लसीनंतर एक-दोन दिवस ताप येणे, मांडी दुखणे हे अपेक्षितच असते. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. ही दुसरी फार जण विसरतात, कारण तोवर मूल चालायला लागलेले असते आणि आईही कामाला लागलेली असते. तारीख हुकली तर लस बुडाली असे नाही, गेल्यावर पुढची देतात. कार्ड हरवले तरी जावे.

खर्चाची धास्ती मी जाणतो. पण एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात तपासणी, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सारे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडली तर त्या कार्यक्रमाचे नाव घेऊन नम्रपणे पण उभे राहून विचारावे. मी विचारतो, कपाळाला आठ्या पडतात, पण बहुधा औषध मिळते.

आता शेवटचा आकडा, आणि सर्वांत महत्त्वाचा. खोकला-ताप असलेल्या बाळाचा श्वास. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचा सदरा वर करावा आणि पोटाची हालचाल पुरे एक मिनिट मोजावी. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त आले तर न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळे पडत असतील किंवा बाळ कण्हत असेल तर मोजत बसायचीही गरज नाही, सरळ निघावे.

हे शिकवायला आम्ही गेल्या हिवाळ्यात आमच्या विहारात एका रविवारी आईबापांना बोलावले. अंगणवाडीच्या ताई होत्या, आशाताई होत्या. पंधरा-वीस बाया आल्या, बाप मात्र चारच. त्यांतला एक हमालीचे काम करणारा तरुण. सात महिन्यांचा मुलगा मांडीवर झोपला होता, दोन दिवस खोकत होता एवढेच. सरावासाठी म्हणून त्याला मोजायला सांगितले. ओठ हलवत तो मोजत राहिला आणि मिनिट संपल्यावर म्हणाला, "सर, अठ्ठावन्न आले. चुकलं असेल माझं."

ताईंनी पुन्हा मोजले. सत्तावन्न.

बाप म्हणाला, "पण तो तर झोपलाय निवांत." तेव्हा त्याच्या बायकोने सदरा आणखी वर केला, खाली वाकून पाहिले आणि काही न बोलता चप्पल घालायला उठली. आशाताई बरोबर गेल्या. वहीचे एक पान फाडून त्यावर वेळ, दोन्ही आकडे आणि आदल्या रात्री दिलेल्या औषधाचे नाव मी लिहून दिले. न्यूमोनियाच निघाला. सहाव्या दिवशी मुलगा घरी आला आणि ते पान दवाखान्याच्या कागदांना टाचणी लावून परत आले. पुढच्या महिन्याच्या बैठकीला बाप अकरा होते.